काचेची नाव

रस्त्याने जाताना एखादी वस्तू दिसली की मी तिच्यावर बोटाच्या पेराने टकटक करते. सिटी बसचा पुढचा भाग, बागेतली घसरगुंडी, तुकोगंजातल्या दवाखान्यातली खुर्ची. मुलगा म्हणतो, आई, लोक बघतात. बघू देत. लोखंड वेगळं बोलतं, प्लास्टिक वेगळं, आणि फायबरग्लास वेगळं. कोरडं, जरा पोकळ, पण दमदार. तो आवाज कानी पडला की मला आमची शेड आठवते आणि मग पुढचा बराच वेळ मी घरात असून नसल्यासारखी असते.

इंदूरच्या सांवेर रोडवरच्या त्या शेडमध्ये मी एकतीस वर्षं काढली. आमच्या पणजोबांनी संस्थानच्या तोफखान्यात नोकरी केली, आजोबांनी दफ्तरात, वडिलांनी शाळाखात्यात. घरातल्या मुलीने बी.एस्सी. करून कारखान्यात जावं हे कुणाच्या स्वप्नात नव्हतं. पण कारखान्याच्या मालकांना एक केमिस्ट हवा होता, आणि त्या पगारात त्यांना पुरुष मिळत नव्हता. मालकांना सगळे बाबूजी म्हणत. त्यांनी माझे मार्क पाहिले आणि विचारलं, "बदबू सहन होईल का?" मी हो म्हणाले. तो वास पहिल्या दिवशी डोक्यात गेला, आणि आज तो पुन्हा एकदा यावा म्हणून मी काहीही देईन.

आमचं काम काय होतं ते आधी सांगते. काच म्हटली की लोकांना फुटणारी वस्तू आठवते. पण काच वितळवून तिचे केसाहून बारीक तंतू ओढले की ती वाकते, ताण सोसते. हे तंतू आमच्याकडे पांढऱ्या चादरीसारख्या गुंडाळ्यांमध्ये येत. त्या चादरीला आम्ही मॅट म्हणत असू. दुसरी वस्तू रेझिन. दिसायला मधासारखं. त्यात थोडं हार्डनर घातलं की ते आपलं आपण तापतं, घट्ट होतं, आणि मग कधीच पातळ होत नाही. साच्यावर आधी रंगाचा थर, त्यावर मॅट, ब्रशने रेझिन, रोलर फिरवून आतली हवा बाहेर, पुन्हा मॅट. सुकलं की साच्यातून उचलायचं. झाली वस्तू. सिमेंटला लोखंडी सळई जे करते तेच इथे काच करते.

आणि ती वस्तू कशी? गंजत नाही, कुजत नाही, वाळवी लागत नाही. अ‍ॅसिडला घाबरत नाही. वीज तिच्यातून जात नाही. लोखंडाच्या वजनाचा लहानसा हिस्सा. हवा तो आकार घ्या, कुठे सांधा नाही, खिळा नाही. फुटलीच तर फुटल्या जागी मॅट लावून पुन्हा अखंड करा. हे सगळं मी गिऱ्हाइकांना इतक्यांदा सांगितलं आहे की झोपेतही सांगेन. घरच्यांच्या मते सांगतेही.

पण हे मी पुस्तकातून शिकले. हातातून शिकवलं ते हीरालालजींनी.

हीरालालजी मूळचे सुतार, देवासकडच्या एका खेड्यातले. शेडमधले मुख्य कारागीर. माझ्याहून बारा-चौदा वर्षांनी मोठे, उंच, कानात एक बारीक बाळी. ते हिंदीत बोलत, मध्येच माळवी येई. मी निम्मं मराठीत उत्तर देई. एकमेकांचं सगळं कळत असे. मला ते पहिल्या दिवसापासून बेनजी म्हणत, पण पहिले सहा महिने माझ्या थर्मामीटरकडे ते असे बघत जसं कुणी स्वयंपाकघरात तराजू घेऊन आलं आहे. हार्डनर किती घालायचं हे हवेवर असतं. मे महिन्यात जरा जास्त झालं तर बादलीतच दगड होतो, डिसेंबरात कमी पडलं तर दोन दिवस चिकट राहतं. मी तापमान बघून हिशोब मांडायची. ते बादलीला हाताची मागची बाजू लावायचे, पाक एकतारी झाला की नाही हे हलवाई बघतो तसे, आणि ओतायचे. एका थंडीत मी गुपचूप मोजून पाहिलं. त्यांचा अंदाज आणि माझा आकडा यात चमचाभर फरक होता. मी ते त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "कोणाचं बरोबर?" मी म्हटलं, "माहीत नाही. दोन्ही करून बघू." केलं. दोन्ही सारखंच जमलं. त्यानंतर सकाळी कामाला हात घालण्याआधी ते विचारत, "बेनजी, तुमची नळी काय म्हणते?" आणि मी विचारायची, "तुमचा हात काय म्हणतो?"

एका लग्नाच्या मंडपवाल्याने आमच्याकडे येऊन कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांसारखी, म्हणजे संस्थानिकांच्या कळसदार दगडी स्मारकांसारखी, छत्री मागितली होती. तीही अशी की चार माणसांनी टेम्पोत टाकावी आणि दुसऱ्या लग्नाला न्यावी. बाबूजी हसले. हीरालालजी दोन रविवार नदीकाठी छत्र्यांसमोर दोरा आणि वही घेऊन बसले. पहारेकऱ्याने हटकलं तर म्हणाले, मोजतोय, नेत नाही. त्यांनी केलेली छत्री उभी राहिली तेव्हा मंडपवाल्याने तिला दगड समजून खांदा लावला आणि तोल जाऊन मागे पडता पडता वाचला. ती इतकी हलकी होती. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात तीच छत्री होती. सगळे वधूवरांकडे बघत होते आणि मी कळसाकडे.

असं खूप आहे. पण मला सांगायची आहे ती नावेची गोष्ट.

एके वर्षी होळीच्या आधी वर्मा बहनजी नावाच्या बाई आमच्या शेडमध्ये आल्या. चंबळेवरच्या धरणाच्या फुगवट्याकाठी एक गाव आहे, तिथल्या शाळेच्या त्या मुख्याध्यापिका. शाळा या काठाला, आणि तीन वाड्यांवरची मुलं त्या काठाला. मध्ये धरणाचं पाणी. रस्त्याने जायचं तर अर्धा दिवस मोडतो. नानूरामदादा नावाचा केवट आपल्या लाकडी नावेतून मुलांना आणायचा, न्यायचा. नाव जुनी होती. दरवर्षी तिच्या फटी बुजवून डांबर लावावं लागे, आणि तरी पाणी येई. गेल्या पावसाळ्यात ती मध्यावर इतकी भरली की मुलांनी डब्यांच्या झाकणांनी पाणी उपसलं. कुणाला काही झालं नाही, पण त्यानंतर सातवीच्या पाच मुली शाळेत आल्याच नाहीत. त्यांच्या घरच्यांनी सांगितलं, शिकून काय करायचं, जीव राहू दे.

"मला ती पाच नावं रोज हजेरीत दिसतात," बहनजी म्हणाल्या. "मी काट मारलेली नाही. शाळा उघडायच्या आत नाव पाहिजे."

बाबूजींनी सांगितलं की आम्ही नाव कधी केलेली नाही. हीरालालजी शेजारी उभे होते. ते म्हणाले, छत्री तरी कुठे केली होती. मग त्यांनीच अडचण सांगितली. साचा करायला आधी नमुना लागतो. लाकडात नवा नमुना घडवायचा तर चार महिने जातील. मग एकच उपाय. नानूरामदादाची नावच नमुना म्हणून आणायची, पालथी घालून तिच्यावर साचा घ्यायचा, आणि नाव परत करायची. तिचा आकार त्या पाण्यात पन्नास वर्षं चाललेला आहे, त्याहून चांगला नमुना कुठला.

हीरालालजी स्वतः नाव आणायला गेले आणि चार दिवस तिथेच राहिले. परत आले ते ट्रकमध्ये नावेजवळ बसून. नानूरामदादा आधी देत नव्हता. ती नाव त्याच्या बापाने बांधली होती; लाकूडही बापानेच तोडलेलं. शेवटी हीरालालजींनी शब्द दिला: जशी नेतो तशी आणून देईन. हे सांगताना ते खूश नव्हते. सुताराने नाव बांधणाऱ्याच्या मुलाला दिलेला शब्द होता तो.

आम्ही नाव पालथी घातली. हीरालालजींनी तिची बाहेरची बाजू तासली नाही, फक्त खाचा पुट्टीने भरल्या, रंगाचे थर दिले, वर मेण घासलं. मेण यासाठी की साचा नमुन्याला चिकटू नये. मग त्यांनी मला सांगितलं की अजून आठवडाभर थांबू. आत जुनं डांबर आहे, लाकडात पाणी आहे, वरून सुकलेलं दिसतं पण त्यांचं मन घेत नाही.

मी रंगाला बोट लावून पाहिलं, नखाने खरवडून पाहिलं. कडक होता. एप्रिल संपत आला होता. बहनजींचं पोस्टकार्ड माझ्या टेबलावर होतं, त्यात त्या पाच मुलींची नावं होती. मी म्हटलं, सुकलाय, सुरू करा. आणि कामाच्या कागदावर सही केली. त्या दिवशी मी त्यांना विचारलं नाही, तुमचा हात काय म्हणतो.

पुढचं रसायन मला माहीत होतं, म्हणून तर ते जास्त लागतं. रेझिन घट्ट होताना तापतं. साचा जाड, म्हणून ताप जास्त. त्या तापाने लाकडातलं जुनं डांबर मऊ होऊन रंगातून वर आलं आणि मेण खाऊन गेलं. चार दिवसांनी साचा सोडवायला घेतला तर तो सुटेना. कडेने लाकडी पाचरी मारल्या, पाणी सोडलं, हवा भरली. कडा वीतभर उघडली आणि तिथेच थांबली. हीरालालजींनी हातोडी खाली ठेवली. "चिपकी ग्यो," एवढंच म्हणाले. मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

आता दोनच गोष्टी शक्य होत्या. साचा कापायचा, म्हणजे नाव वाचेल पण शाळा उघडेपर्यंत नवा साचा होणार नाही. किंवा नाव कापायची. बाबूजींनी दोन मिनिटं विचार केला आणि नाव कापा म्हणाले, त्याला नवी घेऊन देऊ. त्यांच्या बाजूने ते चुकीचं नव्हतं. हीरालालजी म्हणाले, करवत मी लावणार नाही. त्यांनी बाबूजींना नाही म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

मी म्हटलं, आधी ज्याची नाव आहे त्याला सांगायला हवं. हीरालालजी म्हणाले, मी जातो, शब्द माझा होता. मी म्हटलं, सही माझी होती. शेवटी दोघंही गेलो. बसने सहा तास लागले.

नानूरामदादा काठावर जाळं विणत बसला होता. लहानखुरा, काळा, साठीचा माणूस. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. हीरालालजींना आठवडा थांबायचं होतं, मी थांबू दिलं नाही, हेही सांगितलं. तो जाळं विणत राहिला. मग विचारलं, "नाव आतून मोकळी आहे ना?" मी म्हटलं, हो, चिकटली आहे ती बाहेरून. त्याने जाळं बाजूला ठेवलं, झोपडीत गेला आणि अवजारांची पिशवी घेऊन बाहेर आला. आमच्यासोबत परतीच्या बसमध्ये तोच आधी चढला.

शेडमध्ये आम्ही साचा आणि नाव एकत्रच सुलटं केलं होतं. खाली साचा, त्यात बसलेली नाव. नानूरामदादा आत उतरला. त्याने आधी सगळीकडून हात फिरवला. मग आडव्या फासळ्यांचे खिळे काढायला सुरुवात केली. मी तेव्हा समजले. आम्ही नावेकडे एक वस्तू म्हणून बघत होतो; त्याला त्या सुट्या फळ्या दिसत होत्या. अख्खी नाव साच्यातून निघत नव्हती, पण फासळ्या निघाल्या की एकेक अरुंद फळी निघू शकत होती.

हीरालालजी आत उतरायला लागले तर त्याने हाताने थांबवलं. म्हणाला, "लकडी मेरे बाप ने काटी थी. खोलूँगा मैं. कोई और खोलेगा तो मुझे बुरा लगेगा." हीरालालजी मग बाहेर उभे राहून तो देईल ती फळी दोन्ही हातांनी घेत आणि भिंतीशी ठेवत. दोन पूर्ण दिवस हे चाललं. शेडमधली माणसं ठोकाठोकीचं काम बाहेर नेऊन करत होती. कुणी सांगितलं नव्हतं. मी माझ्या टेबलाशी बसून होते आणि एकही आकडा मांडू शकले नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी रिकामा साचा समोर होता. आत थोडे ओरखडे, दोन ठिकाणी ढलपे निघालेले. हीरालालजींनी ते भरले, घासले, आणि या वेळी मेण आठ वेळा लावलं. मग माझ्याकडे बघून विचारलं, "बेनजी, नळी काय म्हणते?" मी थर्मामीटर बघून आकडा सांगितला. मग विचारलं, "तुमचा हात काय म्हणतो?"

काचेची नाव दहा दिवसांत झाली. आकाशी रंगाची. बसायच्या फळ्यांच्या आत आम्ही फोम भरून बंद केला होता, म्हणजे ती पाण्याने काठोकाठ भरली तरी बुडू नये. दोन माणसं ती डोक्यावर घेऊन चालू शकत.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी आम्ही ती पाण्यात सोडली. गाव काठावर जमलं होतं. नानूरामदादा एकटा नाव घेऊन मध्यावर गेला आणि बादलीने तिच्यात पाणी भरायला लागला. काठावर बायका घाबरून बोलायला लागल्या. तो भरत राहिला. नाव पूर्ण भरली, काठ पाण्याला लागला, आणि तिथेच तरंगत राहिली. मग तो तिच्यात उभा राहिला. गुडघ्यापर्यंत पाण्यात, नाव पायाखाली. वर्मा बहनजींनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की दोन दिवस वळ होता. त्या म्हणाल्या, "आता त्या मुलींच्या घरच्यांना दाखवायला माझ्याकडे काहीतरी आहे."

नानूरामदादाने आम्हाला त्या काठापर्यंत नेऊन आणलं. हीरालालजींना पोहता येत नव्हतं. ते मध्यभागी दोन्ही कडा धरून बसले होते. मी नानूरामदादाला विचारलं, कशी आहे? तो वल्हवत राहिला. म्हणाला, हलकी आहे, चांगली आहे. मग बऱ्याच वेळाने म्हणाला, "चुप बहोत है." त्याची नाव कुरकुरायची. कुठल्या फळीला काय झालं ते त्याला आवाजावरून कळायचं.

त्या पाचांतल्या चार मुली परत आल्या. पाचवीचं लग्न झालं होतं. हे बहनजींनी पत्रात कळवलं, आणि तिच्या नावावर आता काट मारली आहे असंही.

जुन्या नावेच्या फळ्या आम्ही नव्या नावेबरोबरच ट्रकने परत पाठवल्या होत्या. नानूरामदादाने दोन हिवाळे ती नाव पुन्हा जुळवायचा प्रयत्न केला. जुळली, पण पाणी धरेना. शेवटी त्याने त्या फळ्या घराच्या पडवीवर छपरासाठी घातल्या. हेही बहनजींनी पत्रात लिहिलं. मी ते पत्र कितीदा वाचलं असेल. फायबरग्लासने काय काय साधलं याची यादी मी कुणालाही देऊ शकते. त्या यादीत एका माणसाच्या बापाची नाव मोडली, हेही माझ्या सहीने लिहिलेलं आहे.

पुढे तिथे पूल झाला. ती आकाशी नाव आता चारा वाहते. रंग उडाला आहे, बाकी जशीच्या तशी.

आमची शेड मात्र राहिली नाही. बाबूजी गेल्यावर त्यांच्या मुलाने प्लास्टिकच्या टाक्यांचा धंदा घेतला. मशीन फिरतं, टाकी पडते, हात लागत नाही. त्यालाही संसार आहे, मी दोष देत नाही. हीरालालजी गावी गेले. मी आणखी दोन वर्षं बाबूजींच्या मुलाच्या टाक्यांचे रिपोर्ट लिहिले आणि निवृत्त झाले. फोनवर आम्ही बोलायचो, संक्रांतीला, दिवाळीला. दोघांनाही फोनवर बोलता येत नाही. मध्ये नुसता श्वास ऐकू यायचा, आणि दरवर्षी त्यांचा श्वास जास्त ऐकू यायला लागला.

या वर्षी मी त्यांना भेटायला गेले. देवासहून पुढे एक बस, मग अर्धा कोस चालत. ते अंगणात बाजेवर बसले होते. खांदे आत गेलेले, बोलताना दोन शब्दांनंतर थांबावं लागतं. त्यांच्या सूनबाईंनी चहा दिला आणि सांगितलं, डॉक्टर म्हणतात फुप्फुसं थकली आहेत.

आम्ही खूप बोललो. छत्रीबद्दल, नावेबद्दल, एका गिऱ्हाइकाने आपल्या घोड्यासाठी आरसा लावलेली गव्हाण मागितली होती त्याबद्दल. ते हसले की खोकत, आणि मी हसवायचं थांबवलं. मग मी ज्यासाठी आले होते ते बोलले. काचेचा माल कापताना, घासताना बारीक धूळ उडते. रेझिनचा वास नुसता वास नसतो. हे शेडमध्ये सगळ्यात आधी मला माहीत होतं, कारण मीच शिकलेली होते. मी एकदा बाबूजींना अर्ज लिहिला. एक पंखा आला, डझनभर मास्क आले. उकाड्यात कुणी लावेना, ते खिळ्याला टांगलेले राहिले. मी ते रोज बघायची. दुसरा अर्ज मी लिहिला नाही. मला नोकरी हवी होती, आणि खरं सांगायचं तर सगळं इतकं छान चाललं होतं की मला ते मोडायचं नव्हतं.

हीरालालजी ऐकत होते. म्हणाले, "तुम्ही एकदा तरी बोललात. मी रोज तिथेच होतो. मीच पोरांना सांगायचो, काढ ते, बोलता येत नाही." मग म्हणाले, "बीडी पण ओढली बेनजी. ती काही तुम्ही दिली नव्हती."

त्यांनी ते माझ्यासाठी म्हटलं हे मला कळलं. त्याने माझं ओझं उतरलं नाही. पण आता ते दोघांना माहीत होतं.

ऊन बाजेवरून सरकलं. त्यांनी विचारलं, हे काम आता कुठे चालतं का. मी म्हटलं, सगळीकडे चालतं. पवनचक्कीची पाती होतात, रेल्वेचे डबे आतून त्याचेच. मशीन असतं, हवा खेचणारे पंखे असतात, हातमोजे असतात. ते म्हणाले, अच्छा है. थोड्या वेळाने म्हणाले, "और हाथ से?" मी म्हटलं, कमी.

मग त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं थकले. पण त्यांनी विचारलं, पुन्हा सगळं पहिल्यापासून असतं, तर मी त्याच शेडमध्ये आले असते का?

मी लगेच हो म्हणाले. विचार करून सांगायला हवं होतं. पण हो म्हणाले.

"मैं भी," ते म्हणाले. दोन श्वास घ्यायला थांबले. "मास्क लगा के."

इंदूरकडे जाणारी शेवटची बस साडेपाचला होती. ती आली, वडाखाली थांबली, हॉर्न वाजवला. सूनबाई दारातून माझ्याकडे बघायला लागल्या. मी उठले नाही. हीरालालजींनी बाजेवर जरा सरकून मला जागा करून दिली, आणि बस निघून गेली.